दोन अटी, एक आकडा: वर्गणीच्या शीटमध्ये काउंटइफ्स

काउंटइफ्स म्हणजे एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये दिलेल्या सगळ्या अटी पाळणाऱ्या ओळी मोजणारं फंक्शन. त्याची खरी अडचण अशी, की ते चुकल्याचं क्वचितच सांगतं. ४१ यायला हवेत तिथे ३४ येतात. आकडा नीटनेटका दिसतो आणि तसाच अहवालात जातो. म्हणून सूत्र लिहिण्यापेक्षा आकडा कुठे निसटतो, यावरच इथे जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला बडोद्यातल्या एखाद्या गणेश मंडळाची शीट घेऊ. बी स्तंभात नाव, सी मध्ये भाग (रावपुरा, दांडिया बाजार, मांजलपूर...), डी मध्ये रक्कम, ई मध्ये पद्धत (रोख, यूपीआय, बाकी), एफ मध्ये तारीख, जी मध्ये पावती क्रमांक. पहिली ओळ मथळ्यांची, खाली ३१२ नोंदी. सूत्रं इथे देवनागरीत छापली आहेत. फंक्शनचं नाव, सेलचा पत्ता आणि आकडे शीटमध्ये इंग्रजीतच टाइप करायचे.

रावपुऱ्यातून यूपीआयने किमान ५०१ रुपये किती जणांनी दिले?

=काउंटइफ्स(सी२:सी३१३,"रावपुरा",ई२:ई३१३,"यूपीआय",डी२:डी३१३,">=५०१")

रेंज (म्हणजे सेलचा पट्टा, जसं सी२:सी३१३), अट, रेंज, अट, अशा जोड्या. तिन्ही अटी एकाच ओळीत पूर्ण झाल्या तरच ती ओळ मोजली जाते. रेंज सारख्या लांबीच्या हव्यात. एक ३१३ ला संपली आणि दुसरी ३१२ ला, तर सरळ एरर येते. ही त्यातल्या त्यात बरी चूक, कारण निदान दिसते तरी. एक्सेलमध्ये हे फंक्शन २००७ पासून आहे आणि १२७ जोड्या घेतं. इतक्या कुणाला लागतात कोण जाणे.

५०१ हा आकडा सूत्रात न कोंबता एच१ मध्ये ठेवावा आणि अट ">="&एच१ अशी लिहावी. ">=एच१" असं सगळंच अवतरणात घातलं की शीट "एच१" या शब्दाशी तुलना करते आणि उत्तर शून्य येतं.

तारखांचं प्रकरण जास्त नाजूक. २०२५ च्या उत्सवातले म्हणजे २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबरचे भरणे मोजायचे तर एफ स्तंभ दोनदा द्यायचा: एकदा ">="&डेट(२०२५,८,२७), एकदा "<"&डेट(२०२५,९,७). शेवटच्या दिवसासाठी "<="&डेट(२०२५,९,६) लिहू नका. नोंदी फॉर्ममधून येत असतील तर तारखेला वेळही चिकटलेली असते, आणि ६ तारखेची संध्याकाळ ६ तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीपेक्षा मोठी ठरते. विसर्जनाच्या दिवशी आलेली सगळी वर्गणी गळते.

शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर आणखी गंमत. २७/८/२०२५ मध्ये महिना २७ होत नाही म्हणून तो मजकूर राहतो आणि ६/९/२०२५ मात्र ९ जून होऊन बसतो. मजकूर डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे. स्तंभ रुंद केला की लगेच कळतं. गुगल शीट्समध्ये फाइलच्या सेटिंगमध्ये देश भारत करा, पण आधी बिघडलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत, त्या हातानेच लिहाव्या लागतात.

"रावपुरा किंवा दांडिया बाजार" हवं असेल तर दोन काउंटइफ्सची बेरीज करा. एकाच सूत्रात सी स्तंभाला दोन्ही नावं दिली तर उत्तर शून्य, कारण एका सेलमध्ये दोन भाग कसे असणार? अटी वेगवेगळ्या स्तंभांच्या असतील, जसं १००१ च्या वर किंवा यूपीआयने, तर दोन्हींची बेरीज करून दोन्ही अटी पाळणाऱ्या ओळी एकदा वजा करायच्या. नाहीतर १००१ च्या वर यूपीआयने देणारे दोनदा मोजले जातात.

"<>बाकी" सर्वांत फसवं. त्याचा अर्थ "बाकी" सोडून सगळं, त्यामुळे त्यात रिकामे सेलही मोजले जातात, म्हणजे ज्याने अजून काही सांगितलेलंच नाही तोही भरणाऱ्यांत जमा. ई२:ई३१३,"<>" ही आणखी एक जोडी द्या, म्हणजे रिकामे सेल गळतील. "*बाजार*" लिहिलं (* म्हणजे तिथे कोणताही मजकूर) तर दांडिया बाजारासोबत नवा बाजारही येतो, हेही ध्यानात असू द्या.

पावती क्रमांक दोनदा आला का हे बघताना: मजकूर म्हणून लिहिलेला ०४५ आणि आकडा ४५ काउंटइफ्सला एकच. पंधराहून जास्त अंकी क्रमांकांचंही तसंच. पहिले पंधरा अंक सारखे असले की एक्सेलमध्ये ते एकच धरले जातात. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा अंकी, तो वाचतो. बाकीच्यांसाठी =समप्रॉडक्ट((जी२:जी३१३=जी२)*१) वापरा. आणि हो, मोजल्या जातात त्या ओळी, कुटुंबं नव्हेत. एकाच घराने दोन हप्त्यांत दिलं तर दोन. गुगल शीट्समध्ये वेगळी नावं मोजायला काउंटयुनिकइफ्स आहे.

बडोद्याच्या शीटमध्ये एकच भाग मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत लिहिलेला सापडतो. हे कुठल्याही सूत्राने सुटत नाही. सी स्तंभाला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा, निवडूनच भरायला लावा. जुन्या नोंदींसाठी शेजारी =लेन(सी२) टाका. "रावपुरा" ची लांबी ७ येते, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात. ८ आली तर शब्दामागे एक स्पेस आहे. कडेच्या स्पेस काढणारं ट्रिम लावूनही ८ च राहिली तर वेबपेजवरून आलेली न तुटणारी स्पेस समजा. ती सब्स्टिट्यूट आणि युनिकार(१६०) ने काढावी लागते.

शेवटी ताळा. प्रत्येक भागाचं काउंटइफ्स वेगळं काढा, सगळ्यांची बेरीज करा आणि =काउंटए(बी२:बी३१३) शी, म्हणजे नाव भरलेल्या सेलच्या संख्येशी, जुळवा. ३१२ ऐवजी ३०३ आले तर नऊ नोंदी कुठल्याच भागात बसलेल्या नाहीत. सी स्तंभाला फिल्टर लावून यादीबाहेरची नावं टिचकवा, त्या नऊ ओळी समोर येतील.