बेदाणा शेडमधला आर्द्रता नोड: सांगली गटाची प्रगती-नोंद

सांगली-मिरजेच्या आपल्या भेटींत तीन विषय फिरत असतात: जोडलेली उपकरणं, क्लाउडची सुरक्षा आणि डेटा. हे विषय सुटे घेतले की गर्दीही सुटीसुटी होते. सेन्सरवाले सुरक्षेच्या दिवशी फिरकत नाहीत आणि डेटावाले जिच्याशी कुणाचं घेणं ना देणं अशी कुठली तरी सीएसव्ही (आकड्यांची फाइल) उघडून बसतात. म्हणून या हंगामात एकच वस्तू तिन्ही विषयांतून न्यायची ठरलंय: बेदाणा शेडमधलं तापमान आणि आर्द्रता मोजणारा नोड, म्हणजे बॅटरीवरचं छोटं उपकरण. त्याचं वाचन रेडिओने वस्तीवरच्या घरातल्या गेटवेकडे जातं आणि गेटवे ते वायफायने क्लाउडवर पाठवतो. तासगाव, कवठे महांकाळ, नागज या पट्ट्यात शेडांची कमी नाही. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचं वातावरण झालं की शेडवाल्यांचा प्रश्न एकच असतो, रात्री आत किती दमट होतं? त्याचं उत्तर आकड्यात देता आलं पाहिजे.

सुरक्षेचा भाग शेवटच्या भेटीवर ढकलायचा नाही, हाही निर्णय आधीच झालाय. शेवटच्या भेटीला नोड चालू झालेला असतो, सगळे खुश असतात आणि पासवर्ड 'नंतर बघू' म्हणून राहतो तो राहतोच. २०१६ चं मिराई या घातक प्रोग्रामचं प्रकरण यातूनच झालं. कारखान्यातून आलेले यूजरनेम-पासवर्ड कुणी बदललेच नव्हते, त्यामुळे कॅमेरे आणि राउटर लाखांनी त्याच्या हाती लागले.

नोडची जुळणी

एका नोडला लागतं ते असं: ईएसपी३२ या कंट्रोलर चिपचं सुटं मॉड्युल, आरएफएम९५ हे लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) मॉड्युल, एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, २६०० एमएएचचा एक १८६५० सेल, एमसीपी१७०० रेग्युलेटर, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि बॅटरीचा व्होल्टेज मोजायला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर. '९९०० एमएएच' छापलेला १८६५० घेऊ नका. या आकाराच्या सेलमध्ये एवढी क्षमता मावतच नाही.

शिकताना डेव्हलपमेंट बोर्ड ठीक आहे, पण शेडमध्ये तो ठेवू नये. चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, १० मायक्रोअँपच्या आसपास घेते, मात्र बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि लाल एलईडी जागेच असतात. सगळं मिळून १० मिलिअँप धरले तर दिवसाला २४० एमएएच जातात आणि सेल दहा-अकरा दिवसांत बसतो. सुट्या मॉड्युलवर दर १५ मिनिटांनी २ सेकंद जागं राहून ५० मिलिअँप घेतले, तर दिवसाचा खर्च ३ एमएएचच्या आत-बाहेर राहतो. हंगाम तीन महिन्यांचा. म्हणजे सोलर पॅनेल, चार्जिंग बोर्ड, त्याची वायरिंग, सगळंच वगळता येतं. पॅनेल लावायचा मोह बहुतेकांना होतो. शेडच्या धुळीत तो पुसायला कोण जाणार?

एमसीपी१७०० च्या पायांकडे नीट बघा. टीओ-९२ आकारात, छापील बाजू समोर धरल्यावर डावीकडून ग्राउंड, इनपुट, आउटपुट असा क्रम येतो. नेहमीच्या ७८०५ रेग्युलेटरच्या सवयीने इनपुट, ग्राउंड, आउटपुट धरून सोल्डर केलं की रेग्युलेटर गरम होतो आणि कधी कधी मॉड्युललाही घेऊन जातो. बॅटरीचा व्होल्टेज ३२ ते ३९ या पिनांपैकीच एकीवर मोजा. वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (चिपमधल्या व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या भागाच्या) पिना वाचता येत नाहीत. नोडवर वायफाय नसलं, तरी तोच कोड गेटवेवर चढतो आणि तिथे अडकतो.

सेन्सर डब्यात ईएसपी३२ च्या शेजारी बसवू नका, ३० सेंटिमीटर वायरवर बाहेर काढा. चिपच्या उबेने सेन्सर एक अंश जरी तापला, तरी ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता तीन टक्के कमी दिसते. डीएचटी११ हा सेन्सर आपण यादीतूनच काढलाय. त्याची चूक तापमानात २ अंश आणि आर्द्रतेत ५ टक्के धरावी लागते, त्या आकड्यावर शेडवाल्याला काय सांगणार?

लोरा मॉड्युल ८६८ मेगाहर्ट्झचं मागा. भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे आणि ८६८ चं मॉड्युल तिथे व्यवस्थित चालतं. ४३३ चं मॉड्युल दिसायला तसंच असतं, पण त्याची अँटेनाकडची जुळणी वेगळी असते. सॉफ्टवेअरमध्ये ८६६ लिहिल्यावर चालू झाल्यासारखं वाटतं आणि पन्नास पावलांवर बंद पडतं. वायरची अँटेना ८६ मिलिमीटर कापा, आणि ती लावल्याशिवाय ट्रान्समिट करू नका. शेडचा सांगाडा लोखंडी अँगलचा असतो, म्हणून अँटेना रॅकमध्ये न ठेवता छपराच्या वर काढा.

स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ, म्हणजे पॅकेट हवेत किती ताणून पाठवायचं तो आकडा) 'जास्त म्हणजे चांगला' असं धरून थेट १२ लावायची सवय दिसते. आपलं पॅकेट १९ बाइटचं आहे आणि बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ. एसएफ७ ला ते हवेत सुमारे ५० मिलिसेकंद राहतं, एसएफ९ ला १८५ आणि एसएफ१२ ला १३०० च्या वर. बॅटरी तेवढ्या पटीत जाते आणि शेजारच्या शेडच्या पॅकेटशी टक्कर व्हायची शक्यताही वाढते. शेड ते वस्तीवरचं घर एवढ्या अंतराला एसएफ९ पासून सुरुवात करा, सिग्नल भरपूर असेल तर ७ वर या.

मिठाची चाचणी

शेडमध्ये जाण्याआधी प्रत्येक सेन्सर यातून गेलाच पाहिजे. संपृक्त मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता २५ अंशांना ७५.३ टक्के असते आणि तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी ती फारशी हलत नाही. प्लास्टिकची हवाबंद बरणी घ्या. उथळ वाटीत चार चमचे साधं मीठ आणि एक चमचा पाणी घालून कालवा. ते ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. मीठ पूर्ण विरघळलं तर पाणी जास्त झालंय, अजून मीठ टाका. सेन्सर वाटीच्या वर लटकवा, मिठाला लागू देऊ नका. वायर बाहेर येते ते भोक एमसीलने बुजवा आणि बरणी पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. आठ ते बारा तासांनी वाचा. एसएचटी३१ ने ७३ ते ७७ दाखवलं की पास.

पहिल्या तासाभराचं वाचन बघून सेन्सर खराब ठरवू नका, हवा स्थिर व्हायला वेळ लागतो. सगळे सेन्सर एकाच बाजूला चुकत असतील तर सेन्सरांवर शंका घेण्याआधी बरणीचं झाकण बघा.

बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिथे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. सल्फर डायऑक्साइड आणि ओल एकत्र आली की आम्ल तयार होतं, तांब्याचे ट्रॅक काळे पडतात आणि सेन्सरचं वाचन सरकायला लागतं. बोर्डाला पीसीबी वार्निशचे दोन हात द्या, मात्र सेन्सरच्या खिडकीवर टेप लावून. पांढऱ्या टेफ्लॉन पडद्याची टोपी धूळ आणि तेलकट थेंब अडवते, वायू अडवत नाही. तेव्हा धुरीच्या वेळी सेन्सर काढून ठेवणं हाच उपाय, आणि त्यासाठी वायरला सोल्डर नको, कनेक्टर द्या. महिन्यातून एकदा मिठाची चाचणी पुन्हा. सरकलेला सेन्सर १०० ते १०५ अंशांच्या कोरड्या उष्णतेत दहा तास आणि मग ७५ टक्के आर्द्रतेत बारा तास ठेवला तर बऱ्याचदा परत जागेवर येतो. त्या दुसऱ्या टप्प्याला मिठाची बरणी आयतीच असते.

हवेतलं पॅकेट आणि क्लाउड

नुसत्या लोरामध्ये एन्क्रिप्शन (मजकूर किल्लीने झाकणं) नसतं. सिंक वर्ड बदलला म्हणजे कुलूप लागलं असा समज भेटीत बऱ्याच जणांचा निघाला. सिंक वर्ड फक्त आपली पॅकेट ओळखायला असतो. १९ बाइटचा हिशोब असा: नोड क्रमांक १, काउंटर ४, तापमान २, आर्द्रता २, बॅटरी २ आणि शेवटी ८ बाइटचा टॅग, पॅकेट आपलंच आणि न बदललेलं आहे हे पडताळायला. मधले ६ बाइट एईएस-सीसीएम या एन्क्रिप्शनने झाकलेले, आणि काउंटर नॉन्समध्ये, म्हणजे दर पॅकेटला नवा लागणाऱ्या आकड्यात, जातो. नॉन्स एकाच किल्लीवर दोनदा वापरला गेला की ही पद्धत मोडते, आणि अडचण नेमकी तिथेच येते. काउंटर आरटीसी मेमरीत ठेवला तर डीप स्लीपमध्ये टिकतो, सेल बदलला की शून्यावर येतो. दर वेळी फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिला तर फ्लॅश झिजते. उपाय सोपा आहे: दर १०० पॅकेटांनी एकदा फ्लॅशमध्ये लिहा आणि नोड सुरू होताना तिथला आकडा १०० ने पुढे ढकलून तो लगेच परत लिहून ठेवा. गेटवेने मागच्यापेक्षा मोठाच काउंटर स्वीकारायचा, आणि तो मागचा आकडा गेटवेलाही फ्लॅशमध्येच ठेवावा लागतो. नाहीतर फीडरची लाइट गेली-आली की कुणी जुनं रेकॉर्ड केलेलं पॅकेट परत वाजवू शकतो.

गेटवेपासून पुढे एमक्यूटीटी, म्हणजे उपकरणांचे निरोप पोचवायची पद्धत. मुंबई रीजनमधलं छोटं व्हर्च्युअल मशीन, त्यावर मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन वाटणारा प्रोग्राम. बाहेरून फक्त ८८८३ हा एन्क्रिप्शनचा पोर्ट उघडा, एन्क्रिप्शन नसलेला १८८३ बंद. एसएसएचला (मशीनमध्ये दुरून शिरायला) पासवर्डने प्रवेश नाही, फक्त की, म्हणजे किल्लीची फाइल. क्लाउड खात्याच्या रूट (सगळे अधिकार असलेल्या) यूजरला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि त्याच्या नावाने अॅक्सेस की काढूच नका. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी. चोरीला गेलेल्या कीचं पहिलं लक्षण बरेचदा बिलातच दिसतं. पासवर्ड आणि किल्ल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ती फाइल गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) बाहेर. एकदा गिटमध्ये गेलेली किल्ली पुढच्या कमिटमध्ये खोडली तरी इतिहासात राहते. अशी किल्ली बदलावीच लागते.

मॉस्किटो २.० पासून आपण होऊन फक्त त्याच मशीनवरची जोडणी घेतो. बाहेरून जोडणी होईना म्हणून नेटवर मिळालेली 'अनामिकांना परवानगी' देणारी ओळ चिकटवली, की घराचं दार काढून ठेवल्यासारखं झालं. सेटिंगमध्ये लिसनर (कुठल्या पोर्टवर ऐकायचं ती ओळ) लिहा, पासवर्ड फाइल द्या. पासवर्डच्या कमांडमधला 'सी' पर्याय फक्त पहिल्या यूजरला वापरा. दुसऱ्यालाही वापरला तर फाइल नव्याने तयार होते आणि आधीचे सगळे यूजर उडतात.

टीएलएसमध्ये, म्हणजे ८८८३ वरच्या एन्क्रिप्शनच्या जोडणीत, अडचण वेळेची. लाइट जाऊन आल्यावर गेटवेचं घड्याळ १९७० ला असतं, त्याच्या हिशोबाने सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं, जोडणी नाकारली जाते. म्हणून आधी एनटीपीने नेटवरून वेळ घ्या, मग एमक्यूटीटी. कंटाळून तपासणीच बंद करणारी 'सेट इनसिक्युअर' ओळ घातलेले कोड सर्रास सापडतात. तिने एन्क्रिप्शन राहतं, पण समोर आपलाच सर्व्हर आहे का हे कळत नाही. गेटवेत सर्व्हरचं सर्टिफिकेट नको, ते देणाऱ्या संस्थेचं रूट सर्टिफिकेट ठेवा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्व्हर सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांचं, तर त्यांच्या आयएसआरजी रूट एक्स१ ची मुदत २०३५ पर्यंत. अर्थात रूटही संपतात. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ संपलं तेव्हा जुनी उपकरणं जगभर अडकली होती. गेटवेला रूट बदलायची सोय हवी.

विश्रामबागेच्या भेटीत सगळ्यांनी मिळून करायची तपासणी अशी. वायफाय सोडून मोबाइल डेटावरून १८८३ ला जोडा, लागता कामा नये. चुकीच्या पासवर्डने ८८८३ ला जोडा, नकार आला पाहिजे. मग एका गेटवेच्या यूजरने दुसऱ्या शेडच्या टॉपिकवर (निरोपाच्या पत्त्यावर) लिहून बघा. इथे फसायला होतं. एमक्यूटीटी ३.१.१ मध्ये परवानगी नसलेलं पब्लिश पाठवणाऱ्याला यशस्वी झाल्यासारखंच दिसतं, ब्रोकर ते गुपचूप टाकून देतो. म्हणून पलीकडे तो टॉपिक ऐकणारा सबस्क्राइबर लावून काही येत नाही ना, हे बघूनच पास म्हणा.

डेटा

वेळ गेटवेवर लावतो आणि यूटीसीतच साठवतो. चित्र काढताना साडेपाच तास मिळवायचे. हे विसरलं की दुपारचं तापमान सकाळी साडेआठ-नऊला टोक गाठताना दिसतं, आणि ते चटकन लक्षात येतं. दुहेरी ओळी वेळेवरून काढू नका, नोड क्रमांक आणि काउंटरवरून काढा. तासाभराहून मोठी फट रेघेने जोडू नका, मोकळी राहू द्या. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. ५ मार्चची ३ मे होते आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर होऊन बसतात.

सगळ्यात कामाचा धडा सापेक्ष आर्द्रतेचा निघाला. दिवसाची सरासरी आर्द्रता काढून काहीच कळत नाही. हवा अजून किती पाणी ओढू शकते, ती बाष्पदाबाची तूट काढा. ३८ अंश आणि २५ टक्क्यांना ती सुमारे ५ किलोपास्कल येते, २४ अंश आणि ८५ टक्क्यांना ०.४५. म्हणजे अशा रात्री वाळवणीची ओढ दुपारच्या अकराव्या हिश्श्यावर येते. सोबत दवबिंदूही काढा: २४ अंश आणि ९० टक्क्यांना तो २२.३ येतो, जाळी किंवा रॅक त्याहून थंड झाली की पाणी सुटलंच. शेडचे पडदे कधी टाकायचे हा निर्णय याच दोन आकड्यांवर घेता येतो. नुसत्या आर्द्रतेवरचा इशारा रोज पहाटे वाजत राहतो आणि चार दिवसांनी लोक तो बंद करून टाकतात.

भेटीच्या जागेचं आणि पुढचं

ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, फोनचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर नेटवर्क दिसतच नाही. संस्थांच्या वायफायवर बरेचदा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, त्यामुळे नोड आणि लॅपटॉप दोन्ही जोडलेले दिसतात आणि निरोप मात्र पोचत नाही. आपला साधा राउटर नेणं बरं. नमुना कोड जसाच्या तसा सगळ्यांनी चढवला की सगळ्यांचा क्लायंट आयडी एकच होतो, ब्रोकर नव्याला घेऊन जुन्याला काढतो आणि सगळ्यांची जोडणी दर काही सेकंदांनी तुटते. आयडीत प्रत्येक चिपचा वेगळा असणारा मॅक पत्ता घाला. पबसबक्लायंट या एमक्यूटीटी लायब्ररीची पॅकेट मर्यादा मुळात २५६ बाइट आहे, मोठा जेसन मजकूर पाठवला तर तो जात नाही आणि तक्रारही दिसत नाही.

बाकी राहिलेलं: गेटवेचं ओटीए (केबलशिवाय, दुरून) अपडेट, ज्यात नवा फर्मवेअर जोडणी करू शकला नाही तर जुन्या पार्टिशनवर परत जाईल. लाइट नसताना घरचा राउटर बंद असतो, तोवर गेटवेने वाचनं साठवून ठेवणं. फ्लॅश एन्क्रिप्शन सध्या मुद्दाम थांबवलंय, त्यासाठी चिपमधला ई-फ्यूज एकदा जळला की परत येत नाही आणि आत्ता दर आठवड्याला कोड बदलतोय. पुढच्या भेटीला येताना डेटा जाणारी यूएसबी केबल आणा, नुसती चार्जिंगची नको. बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर घरूनच टाकून या, आणि अपलोडला 'कनेक्टिंग'वर अडकलं तर बूट बटण दाबून धरा.