मोकळा पैसा

"सरकारकडून घेता, फाउंडेशनकडून घेता, कंपन्यांकडूनही घेता. मग संस्था नक्की कोणाच्या म्हणण्यानं चालते?" सामाजिक संस्थेचे हिशेब सांभाळायला लागल्यापासून हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मी नुसती देणगीदारांची संख्या मोजायचे. कुणा एकाचा वाटा एक तृतीयांशावर गेला नाही की निर्धास्त व्हायचे. मग एका वर्षी आमच्या पाच मोठ्या देणगीदारांपैकी तिघांनी एकदमच आपला विषय बदलला. नावं वेगळी होती, पण तिघंही एकाच वाऱ्यानं हलत होते. जानेवारी 2025मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, तेव्हा हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. मधल्या संस्थांकडून येणारा पैसाही शेवटी त्याच तिजोरीतला निघाला.

आता मी आधी पाहते ते पैशाबरोबर आलेल्या अटी. ठरावीक प्रकल्पासाठी बांधलेला पैसा कितीही आला, तरी त्यातून हिशेबनिसाचा पगार निघत नाही आणि अचानक आलेल्या अडचणीला तो वापरताही येत नाही. डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर 'मेदसँ साँ फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या संस्थेनं काही दिवसांतच सांगितलं, की त्सुनामीसाठी आता पुरेसे पैसे जमलेत, आणखी पाठवू नका. आधी दिलेल्यांना तिनं विचारलं, की उरलेली रक्कम दुसऱ्या संकटांत वापरू का? याच संस्थेनं 2016मध्ये निर्वासितांबाबतच्या धोरणाच्या निषेधार्थ युरोपीय संघाचा आणि त्याच्या सदस्य देशांचा निधी नाकारला. तिचा बहुतांश पैसा लाखो सामान्य माणसांच्या देणग्यांतून येतो, म्हणूनच हे परवडलं.

असे छोटे देणगीदार जोडायला वर्षानुवर्षं लागतात. प्रत्येकाला पावती, पत्र, कामाची खबर द्यावी लागते, आणि पहिली काही वर्षं खर्चच जास्त दिसतो. बरेच विश्वस्त इथेच धीर सोडतात. मला ती फार मोठी चूक वाटते.

स्वतःची कमाई हा आणखी एक मार्ग. बांगलादेशातल्या ब्रॅक या सामाजिक संस्थेचा 'आरोंग' हा हस्तकलेचा व्यवसाय 1978पासून चालू आहे. पण धंद्याला वेगळी माणसं आणि वेगळं भांडवल लागतं. ते नसेल तर मूळ कामाचाच वेळ त्यात जातो.

आमच्यापुरतं सांगायचं तर विश्वस्तांनी दोन गोष्टी केल्या. कोणत्या अटींवर देणगी घ्यायची नाही, हे पैशाची गरज नसताना लिहून ठेवलं. आणि मोकळ्या, म्हणजे अटी नसलेल्या, देणग्यांतून दरवर्षी थोडं बाजूला काढून 6 महिन्यांच्या पगाराएवढा राखीव निधी उभा केला. पुढे एका देणगीदारानं आम्ही ज्यांच्यासाठी काम करतो त्या कुटुंबांची नावानिशी माहिती मागितली. आम्ही नकार दिला आणि अनुदान गेलं. त्या वर्षी नवीन केंद्र उघडता आलं नाही, पण पगार एकाचाही थांबला नाही. ती माहिती आजही आमच्याच कपाटात आहे.