मलप्रभेच्या ओल्या वाळूत

कणकुंबीला मलप्रभेचा उगम पाहिला, जांबोटीत चहा घेतला, खानापुरात मावशीकडे दोन रात्री झोपलो. लिहायचंय ते मात्र खानापूरजवळच्या असोग्याला मलप्रभेकाठी घालवलेल्या एका तासाबद्दल.

रामलिंगेश्वराचं दर्शन घेऊन नदीत उतरलो. फेब्रुवारी, पाणी खाली गेलेलं. कोरड्या वाळूत मुंगीसिंहाचे नरसाळ्यासारखे खड्डे होते, ते ओळखीचे. पण पाण्यालगतच्या ओल्या वाळूवर शेवया पसरल्यासारखे बारीक, वाकडेतिकडे उंचवटे उठले होते. नखाने एक उकरला, तर आतून उडदाच्या दाण्याएवढं काळं, चकचकीत काहीतरी टणकन उडालं.

कपडे धुणाऱ्या काकूंनी विचारलं, “काय सोधायलाय ओ? अंगठी पडली काय?”

“किडा बघायलोय, काकू.”

त्यांनी न हसता डब्याचं झाकण पुढे केलं. त्यात एक सापडला, आणि भिंगातून बघताना माझी जुनी चूक कळली. याला मी मोल क्रिकेटचं, म्हणजे जमिनीत बिळं करणाऱ्या रातकिड्याचं, पिल्लू समजायचो. एका निसर्गफेरीत मुलांनाही तसंच सांगितलं होतं, त्याचं आजही वाईट वाटतं. मोल क्रिकेटचे पुढचे पाय फावड्यासारखे रुंद असतात. याच्या मागच्या मांड्या फुगीर होत्या, मिशा आखूड, मण्यांच्या माळेसारख्या. हा पिग्मी मोल क्रिकेट, कुळ ट्रायडॅक्टिलिडी. नावात क्रिकेट असलं तरी रातकिड्यांपेक्षा नाकतोड्यांच्या जवळचा. वाळूतलं शेवाळ खातो.

झाकण कलंडलं आणि तो नदीत पडला. काडी पुढे करेपर्यंत तो पाण्यावरूनच उडाला! मागच्या पायांवरच्या पात्या वल्ह्यासारख्या उघडून हे किडे पाणी खाली ढकलतात. माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन या संशोधकांनी 2012 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या जातीवर ते दाखवलं. वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना अंगावर काटा आला. काकूही धुणं सोडून वाकल्या होत्या. “आणि एक सापडतोय काय बघा की.”

सापडले असते. पण एवढ्यात सहलीची एक जीप थेट पाण्यापर्यंत आली. मंदिरापाशी गाडी लावून चार पावलं चालायला काय हरकत असते? ती वळून गेल्यावर काकू आणि मी चाकोरीत बघत राहिलो. वाळू दगडासारखी दाबली गेली होती. त्यात एकही उंचवटा उरला नव्हता.