सहाण आली, बाळगुटी राहिली

ऑस्ट्रेलियात औषध आणायचं तर दोन दारं ओलांडावी लागतात आणि आपली माणसं त्यातलं एकच धरून चालतात. पहिलं दार टीजीएचं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचं. स्वतःपुरतं, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. हे बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरं दार शेतीखात्याचं. औषध पोटात जाऊन काय करणार याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यात बी आहे का, मुळी आहे का, अळी-किडा आहे का, गुराढोरांचं काही आहे का, एवढंच ते बघतात.

मुलीच्या जन्माच्या वेळी आईला पुण्याहून घेऊन आलो, तेव्हा आम्ही या दुसऱ्या दारात अडकलो. प्रवासी कार्डावर ‘पारंपरिक औषधं किंवा वनस्पती’ असा चक्क उल्लेख आहे, तिथे मी आधीच ‘हो’ लिहिलं होतं. आईच्या बीपीच्या गोळ्या मिनिटभरात सुटल्या. बाळंतकाढ्याच्या सीलबंद बाटल्या लेबल वाचून परत मिळाल्या. मग निघाली रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली बाळगुटी. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली, वर ना नाव ना गाव.

अधिकाऱ्याने हातमोजे घातले आणि एकेक जिन्नस पांढऱ्या ट्रेमध्ये मांडला. वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, बीसकट खारीक. प्रत्येकाचं शास्त्रीय नाव हवं. आई मराठीत नाव सांगणार, मी फोनवर शोधणार. मायफळाशी आलो आणि कळलं की हे फळच नव्हे. ओकच्या झाडावर गांधीलमाशीच्या जातीतली एक चिमुकली माशी अंडं घालते, त्याभोवती झाड गाठ धरतं, ती ही गाठ. काकडशिंगीही तशीच, तिथे मावा ही कीड. साहेबांचा चेहरा इतक्या वेळात प्रथमच खुलला. त्यांनी भिंग काढलं. मायफळाला टाचणीएवढं भोक होतं, म्हणजे आतला पाहुणा केव्हाच उडून गेलेला. आई म्हणाली, “अरे, तीन पिढ्या उगाळतोय आम्ही हे!” मी त्याचं भाषांतर केलं नाही.

अर्धा किलो अळीव तर गेलेच. भिजवले की मोड येणारं बी, त्यावर वाद कसला घालणार? पुरचुंडीसाठी दोन पर्याय दिले: स्वखर्चाने परत पाठवा किंवा नष्ट करायला द्या. आधी जाहीर केलं होतं म्हणून दंड नाही, आवाजही चढला नाही. लपवलं असतं तर दंड हजारो डॉलरपर्यंत जातो. २०१९ मध्ये सिडनीत एका व्हिएतनामी प्रवासी बाईंच्या सामानात न सांगता आणलेलं कच्चं डुकराचं मांस वगैरे सापडलं आणि त्यांचा व्हिसाच रद्द झाला. आईही व्हिझिटर व्हिसावर. मी सही करून मोकळा झालो. सहाण मात्र साहेबांनी स्वतः पुसून परत दिली.

इथल्या मित्रांना हे सांगितलं की हसतात, म्हणतात हे लोक वेडे आहेत. वेडे असतील, पण ठेच लागलेले आहेत. १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीसाठी सोडलेले ससे आजतागायत आवरलेले नाहीत. लाळ्या-खुरकत इथे १८७२ नंतर आलेला नाही आणि आपल्याकडे तो कायमचा मुक्कामी. २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ मधमाश्यांवरचा व्हॅरोआ हा परजीवी किडा सापडला, पोळी नष्ट करून झाली आणि २०२३ मध्ये तो हटणार नाही हे मान्य करावं लागलं. आणि आपण तरी काय सांगावं? पुण्याच्या आसपास १९५० च्या दशकात उगवलेलं गाजर गवत आपल्या माळांवर अजून आहे. ते अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं सगळेच म्हणतात. त्या वेळी बंदरावर असा एखादा भिंगवाला असता तर बरं झालं नसतं का?

तरीही एक गोष्ट खुपते. मेलबर्नजवळच्या डँडेनाँगच्या भारतीय दुकानात सुंठ, हळकुंड, जायफळ, बदाम सगळं मिळतं. तेही समुद्रापलीकडूनच येतं, फक्त कंटेनरमधून, कागदपत्रांसकट. आईने ते हातात घेऊन किंमत वाचली आणि म्हणाली, “यांचं चालतं, माझं चालत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण आईला देण्यासारखं नाही.

आता खरं सांगू? माझी बायको आणि इथली नर्स दोघींचं म्हणणं एकच होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. घरात यावरून जे रामायण झालं असतं ते विमानतळावरच संपलं आणि वाईटपणा माझ्याकडे आला नाही.

वाईटपणा दुसरीकडे आलाच. शेजारच्या काकूंनी त्यांच्या इथल्या मुलासाठी थायरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी निघतानाच परत केल्या. प्रवासात औषध स्वतःचं किंवा सोबत असलेल्या, आपण सांभाळतोय त्या माणसाचं चालतं, तिसऱ्याचं नाही. काकू अजून आईशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत. यादी व्हॉट्सअॅपवर आली आहे. हिंगाष्टक चूर्णाच्या डबीवर कंपनीचं नाव आहे, मग चालेल ना, असं विचारलंय. आणा, पण कार्डावर लिहा, असं कळवलं. त्यावर त्यांचा प्रश्न आला, “आणि अळीव?”