देवबागला गळ टाकताना: रीळ कोणतं, लाईन कोणती

कुडाळला उतरून मालवणमार्गे देवबागला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. षष्ठी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे अडीचला गळ पाण्यात पडला की चढतं पाणी, पूर्ण भरती आणि तिन्हीसांज एका बैठकीत साधतात. मोबाईलवरचा तक्ता थोडा मागेपुढे दाखवतो, तेवढं चालायचंच.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. नवखे थेट टोकाला, संगमावर धावतात. ओहोटीला तिथे पाण्याची ओढ एवढी की गळाला वजनाला लावलेलं शिसं जागेवर ठरत नाही, आणि पाण्यात उतरून उभं राहणं तर धोक्याचंच. आम्ही अलीकडे समुद्राच्या बाजूला जागा धरली. लाटा आधी बाहेर फुटत होत्या, मग मधला पट्टा सपाट, मग पुन्हा काठाशी फुटत होत्या. तो सपाट पट्टा म्हणजे चर. मासा त्यातच फिरतो, आणि तो फार तर चाळीस-पन्नास मीटरवर असतो.

म्हणूनच सोबत आलेल्या भाच्याचं ८००० नंबरचं मोठं रीळ मला पटलं नाही. त्यात लाईन भरपूर मावते, पण तासाभराने मनगट बोलायला लागतं. दहा-अकरा फुटी रॉड आणि ८०-९० ग्रॅम शिसं यांना ५००० पुरतं. फार तर ६०००. दुकानदार बेअरिंग मोजून दाखवतो, तिकडे लक्ष देऊ नका. बेअरिंग वाढली की गंजायच्या जागाही वाढतात. विचारायचं ते पाणी आत जाऊ न देणाऱ्या सीलबद्दल. पेन (Penn) कंपनीच्या स्पिनफिशर सहा या रिळाला आयपीएक्स५ आहे, स्लॅमर तीनला आयपीएक्स६. हे आकडे पाण्याचा फवारा सोसण्याचे आहेत, बुडवण्याचे नाहीत. लाटेत रीळ बुडालं तर सीलच्या भरवशावर राहू नये.

शेजारी एक आजोबा बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, हातानेच सोडत होते. त्यांनी रीळ उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ह्येच्यात रेव गेली तर काय करतलास?" खरा प्रश्न तोच. रॉड वाळूवर आडवा ठेवायचाच नाही. दीड-दोन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा एका टोकाला तिरका कापून वाळूत ठोका, रॉड त्यात उभा करा. ओला, वाळू लागलेला हात हँडलला लावण्याआधी फडक्याला पुसा.

आता लाईन. मी ३० पौंडी ब्रेड, म्हणजे धाग्यांची विणलेली लाईन वापरतो, जाडीच्या मापात साधारण पीई २. ब्रेड जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे मुडदुशी माशाची बारीक टोचही बोटाला कळते. पण दगडाला, शिंपल्याला घासली की ती लगेच तुटते. म्हणून पुढे मोनोचा, म्हणजे एकपदरी नायलॉनचा, जाड तुकडा हवाच; त्याला शॉक लीडर म्हणतात. दर २८ ग्रॅम शिशामागे १० पौंड हा अंदाज धरा, आमच्या शिशाला ३० पौंड म्हणजे किमान झालं, मी ४० लावतो. लांबी एवढी की रॉडच्या टोकाखाली शिसं लोंबत असताना लीडरचे पाच-सहा वेढे स्पूलवर, म्हणजे रिळाच्या लाईन गुंडाळायच्या फिरकीवर, राहतील. फेकीचा झटका तोच सोसतो. जोडायला एफजी गाठ. ती घरीच बांधून न्या, वाऱ्यात उभं राहून बांधण्याचं काम नाही.

स्पूलवर ब्रेड थेट भरली की ओढीला अख्खी घसरून फिरते, खाली मोनोचे काही वेढे द्या. काठोकाठही भरू नका, दोन मिलिमीटर सोडा. शिसं पडलं की बेल, म्हणजे रिळावरची लाईन अडवणारी तारेची कडी, हाताने बंद करून सैल लाईन ओढून घ्या. गुंत्यांतले निम्मे तिथेच वाचतात. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढेल तेव्हा लाईन सुटू देणारा रिळाचा ब्रेक, हाताच्या अंदाजाने न लावता ताणकाट्याने लावा: ३० पौंडीला तीन-साडेतीन किलो बास.

भरती पुरी होण्याआधी दोन मुडदुशा आणि एक शिंगाळा आला. शिंगाळ्याचे काटे विषारी, पकडीशिवाय हात लावू नका. उजेड जाता जाता तारलीच्या तुकड्यावर रावस लागला. पहिल्या धावेत त्याने बरीच लाईन नेली, मग काठाच्या लाटेत आडवा झाला. पाणी मागे सरत असताना ओढायचं नाही, लाईन अशाच वेळी तुटते. थांबायचं आणि पुढची लाट आली की तिच्यावरच त्याला वर घ्यायचं. लाईन अशाच वेळी तुटते.

सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, पाठीवर असतो, फेक न दमता लांब जाते. पण रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी जाळं सोडताना दिसली तर रॉड गुंडाळा. आपलं शिसं त्यांच्या जाळ्यात अडकलं तर भांडण ठरलेलं, आणि दोष आपलाच. आम्ही ओढायला हात लावला, वाट्याला बांगडे आले. संध्याकाळचं आमिष तेच.

परतल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या. नळाची जोरदार धार नको, ती मीठ आत ढकलते. सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. आणि मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गळ टाकायला जाऊ नका, तो १९८७ पासून सागरी अभयारण्याचा भाग आहे. जागा बदलायची असेल तर कर्लीपलीकडचं भोगवे बघा, तिथे गर्दी कमी.