तुम्ही विचारलंत म्हणून: ज्युनियर जिंकला, आता प्रो कधी?

पुण्यात मी मुलांना टेनिस शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर आठवड्याला येतोच. कोर्टाच्या जाळीपाशी कुणाचे तरी बाबा थांबलेले असतात, खांद्यावर मुलाची किट बॅग. "मॅडम, अंडर-सिक्स्टीन जिंकला. आता प्रो कधी?"

अशा वेळी मला आपला भारतीय टेनिसपटू युकी भांब्री आठवतो. २००९ च्या जानेवारीत, सोळाव्या वर्षी, त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनियर एकेरीचं विजेतेपद मिळवलं. ज्युनियर क्रमवारीत तो जगात पहिला होता. ज्युनियरमध्ये याहून मोठं काय मिळवायचं? तरी एटीपी, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या जागतिक क्रमवारीत, एकेरीच्या पहिल्या शंभरात यायला २०१५ उजाडलं. आणि हा शंभरचा आकडा नुसता मिरवायचा नाही. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणांच्या मुख्य ड्रॉमध्ये १०४ जणांना रँकिंगवर थेट जागा मिळते. बाकीच्यांपैकी बहुतेकांना आधी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकावे लागतात.

ज्युनियरचे गुण एटीपी रँकिंगमध्ये धरतच नाहीत. हल्ली अव्वल ज्युनियर्सना काही स्पर्धांत प्रवेश मिळतो, पण गुणांची पाटी कोरीच. सुरुवात होते एम-१५ स्पर्धांपासून, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यांत खालच्या पायरीपासून. तिथं सगळ्यांत मिळून बक्षीस १५ हजार डॉलर, जिंकणाऱ्याला १५ गुण, आणि तेही ५२ आठवड्यांनी गळतात.

माझा एक विद्यार्थी पहिल्यांदा अशा स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरला, तेव्हा समोर सत्तावीस-अठ्ठावीसचा गडी होता. पहिल्या सेटमध्ये पोरगं ४-४ पर्यंत टिकलं. समोरच्यानं वेगळं काहीच केलं नाही, प्रत्येक बॉल आणखी एकदा परत टाकला, बस. संध्याकाळी लॉजवर गेले तर हा बादलीत टी-शर्ट पिळत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "मॅडम, त्याला घाईच नव्हती." सामना हरल्यावर हे त्याचं त्याला दिसलं, म्हणून मला फार बरं वाटलं. त्याच्या कपाटातल्या कुठल्याच कपानं इतकं बरं वाटलं नव्हतं.

म्हणून मी बाबांनाच उलट विचारते. खांदा, गुडघा दुखतो का? झोप किती होते? रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळी विणणं, स्वतः जाऊन करून आणतो की तुम्ही आणता? वर्षभराच्या प्रवासाचे पैसे कुठून येणार, हेही विचारते. हा प्रश्न कुणालाच आवडत नाही, पण तो आधी बोललेला बरा.

२०१७ मध्ये पुण्यात बालेवाडीला चॅलेंजरच्या, म्हणजे एम-१५ च्या वरच्या पातळीवरच्या स्पर्धेच्या, फायनलला मी मुलांना घेऊन गेले होते. रामकुमार रामनाथनविरुद्ध युकी पहिला सेट हरला आणि तिथून सामना जिंकला. पुढच्याच वर्षी तो एकेरीत जगात ८३ वा झाला, आणि मग गुडघ्यानं त्याची दोन वर्षं खाल्ली. तो दुहेरीकडे वळला. २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या मायकल व्हीनससोबत यूएस ओपनची उपांत्य फेरी गाठली, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. सीनियर गटातली त्याची ती पहिलीच ग्रँड स्लॅम उपांत्य फेरी.