थंडीतलं टोल्यूइन

मालकांना उत्तरायणाच्या आधी पहिली बॅच काढायची होती. बडोद्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, नवी शेड, नवा ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर दिलेला) रिअ‍ॅक्टर. प्लांट चालू करण्यापूर्वीची सुरक्षा तपासणी माझ्याकडे होती. कागदपत्रं चोख होती: हॅझॉपच्या, म्हणजे संभाव्य धोक्यांच्या पद्धतशीर अभ्यासाच्या, शिफारशी पूर्ण, अर्थिंगचे आकडे व्यवस्थित, रप्चर डिस्कचा (दाब फार वाढला की फुटून भांडं वाचवणाऱ्या चकतीचा) दाखला जोडलेला.

मी अडलो ते कार्यपद्धतीतल्या एका ओळीपाशी. 'टोल्यूइन घ्यावे, नायट्रोजन द्यावा, मॅनहोल उघडून पावडर टाकावी.' टोल्यूइन हे ज्वलनशील द्रावक; नायट्रोजन आतला ऑक्सिजन हटवण्यासाठी; मॅनहोल म्हणजे भांड्याचं वरचं झाकणाचं तोंड.

प्रॉडक्शन मॅनेजर दांडिया बाजारातले, मराठीच. म्हणाले, "अहो, जुन्या शेडमध्ये वर्षानुवर्षं असंच टाकतोय. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीतसुद्धा काही झालं नाही. आता तर थंडी आहे."

भल्या भल्या अनुभवी माणसांची इथेच गफलत होते. टोल्यूइनची वाफ हवेत साधारण 1.1 ते 7.1 टक्के असेल तेव्हाच पेटते. बंद भांड्यात 40 अंशांना ती वरची मर्यादा ओलांडते. 20 अंशांना तीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे पेटायला हवी तेवढीच. मॅनहोल उघडलं की तोंडाशी हवा मिसळते, त्यामुळे मे महिनाही सुरक्षित नाहीच; पण नायट्रोजन कमी पडला तर जानेवारीत अख्खं भांडं स्फोटक मिश्रणाने भरलेलं असतं. त्यात कोरड्या हवेत स्थिर वीज टिकून राहते. टोल्यूइन ती वाहून नेत नाही, आतली काचही नेत नाही. बाहेरचं अर्थिंग कितीही उत्तम असो. ही वाफ पेटायला 0.24 मिलिज्यूलची ठिणगी पुरते. गोणीतलं पॉलिथिनचं लायनर झटकलं तरी त्याहून मोठी पडू शकते.

"पण नायट्रोजन आहे ना?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून मोजूनच बघायचं ठरवलं.

टोल्यूइन न घेता कोरडा रिअ‍ॅक्टर नायट्रोजनने भरला आणि ऑक्सिजन मीटरची नळी आत सोडली. आकडा तीन टक्क्यांच्या खाली आला. नायट्रोजनने माणूस गुदमरतो, म्हणून ऑपरेटरला एअरलाइन मास्क दिला. मग मॅनहोल उघडून पावडरऐवजी मिठाच्या गोण्या ओतायला लावल्या. पहिली रिकामी होईतो मीटर सातवर गेला. मीठ आत पडताना हवाही सोबत ओढत होतं. आणखी काही गोण्यांनंतर आकडा चौदाच्या पुढे सरकला. टोल्यूइनची वाफ पेटायला नायट्रोजनमध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन पुरतो. ऑपरेटर कमरेत वाकून गोणी हलवत होता आणि त्याचं तोंड मॅनहोलपासून हातभरही लांब नव्हतं. भडका उडाला असता तर पहिला त्याच्यावर. मला तिथे उभं राहवेना.

मॅनेजर बराच वेळ मीटरकडे बघत होते. मग त्यांनीच लॅबला फोन लावला: पावडर आधी आणि टोल्यूइन नंतर घेतलं तर चालेल का? रिअ‍ॅक्शनला फरक पडत नव्हता. नवी पद्धत ठरली. कोरड्या भांड्यात पावडर टाकायची, मॅनहोल बोल्ट करायचं, ऑक्सिजन पाच टक्क्यांखाली आला की मगच बंद पाइपमधून सावकाश टोल्यूइन सोडायचं. मीटरचा इंटरलॉक, म्हणजे ऑक्सिजन जास्त असेल तर व्हॉल्व्ह उघडूच न देणारी यंत्रणा, थेट टोल्यूइनच्या व्हॉल्व्हला जोडायला लावला. त्यात उत्तरायण उलटून गेलं. मालक नाराज झाले, पण सही मी इंटरलॉक तपासल्यावरच केली.

मी निघताना मॅनेजर गेटपर्यंत आले. म्हणाले, "जुन्या शेडमधली आज रात्रीची बॅच थांबवलीय. उद्या सकाळी तिथे मीटर घेऊन याल?"